टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

कोल्हापुरातल्या सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, मोठे दवाखाने यांच्या लोखंडी कपाटात एक काळी-निळी डबी बरेचदा सापडते. हाताच्या पंजात मावणारी, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची, वजनाला पाव किलोपेक्षा थोडी कमी. तिच्या कडेवर बारकोडची पट्टी असते आणि पट्टीच्या शेवटी ‘एल६’ किंवा ‘एल८’ असे छापलेले असते. ही टेप कार्ट्रिज. आत जुन्या कॅसेटसारखीच चुंबकीय फीत असते, फक्त तिच्यावर संस्थेची खाती, कर्जाचे हप्ते, सभासदांच्या नोंदी भरलेल्या असतात.

गेली बरीच वर्षे मी या टेपांचेच काम करतो. उत्पादक टेपचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत सांगतात, पण माझ्याकडे बिघडून आलेल्या टेपांत निव्वळ वय झाले म्हणून गेलेली टेप क्वचितच निघाली. पडलेली, ओल लागलेली, धूळ शिरलेली, वाकडे लेबल चिकटवलेली, अशाच जास्त. यातले बहुतेक दोष टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि पाहायला एक मिनिट लागते. ते मिनिट कसे घालवायचे, ते इथे क्रमाने सांगतो. संगणकाचे ज्ञान नसले तरी आपल्याला हे सहज जमेल.

आधी आत काय आहे ते पाहू. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाराला एलटीओ म्हणतात. तो २००० साली बाजारात आला, तेव्हा एका टेपवर १०० जीबी मावायचे. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ वर १८ टीबी मावतात, म्हणजे १८० पट. डबी तेवढीच राहिली, फीत मात्र पातळ आणि लांब होत गेली. एलटीओ-९ ची फीत एक किलोमीटरहून लांब आणि सुमारे ५ मायक्रॉन जाडीची आहे. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापट तरी जाड असतो. या अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवर हजारो समांतर रेघांमध्ये माहिती लिहिलेली असते. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की एवढी काळजी का घ्यायची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कॅसेटमध्ये दोन चक्रे असायची. इथे डबीत एकच चक्र असते, दुसरे ड्राइव्हमध्ये. ड्राइव्ह म्हणजे टेप वाचणारे आणि लिहिणारे यंत्र. टेप आत गेली की ड्राइव्ह फितीचे टोक पकडून ती बाहेर ओढतो, वाचणाऱ्या डोक्यावरून, म्हणजे हेडवरून, नेतो आणि आपल्या चक्रावर गुंडाळतो. काम संपले की फीत परत डबीत. त्यामुळे एका टेपवरची घाण ड्राइव्हच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर.

हे मी एका संस्थेत पाहिले आहे. एक जुनी टेप वाचली जात नव्हती. डबीच्या कडेला बारीक तडा होता, तो कुणी पाहिला नाही. एका ड्राइव्हने नाकारली म्हणून दुसऱ्यात घातली, त्यानेही नाकारली. मग ‘यंत्रच बिघडलंय काय बघूया’ म्हणून चांगल्या पाच टेपा एकामागून एक घालून पाहिल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही ड्राइव्हची हेड खराब झाली होती आणि त्या पाचांपैकी तिघींवर ओरखडे होते. तडा आधी दिसला असता तर एकच टेप बाजूला ठेवावी लागली असती.

पहिली पायरी जागेची. टेप पाहायला स्वच्छ, कोरडे टेबल घ्या. चहाचे कप, पंख्याचा थेट वारा, झाडलोट चालू असलेली खोली नको. आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून बगॅसची काळी राख उडते. कसबा बावड्यात किंवा कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना वाळत घातलेल्या कपड्यांवर ती रोज दिसते. तीच राख उघड्या खिडकीतून टेबलावर येऊन बसते. त्या दिवसांत खिडकी लावून घ्या आणि टेबल ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. हात धुऊन कोरडे करा.

दुसरी पायरी थांबण्याची, आणि इथेच सर्वांत जास्त घाई होते. बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा ओलीचिंब असते आणि सर्व्हर खोली एसीने गार. थंड खोलीतली टेप दमट हवेत आली की तिच्यावर पाणी धरते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तसे. बाहेर दमटपणात राहिलेली टेप गार खोलीत आणल्यावर फीत आक्रसते. म्हणून जिथे टेप चालवायची त्याच खोलीत ती डबीच्या खोक्यासह २४ तास ठेवा. ऑडिटर समोर बसले असले तरी ठेवा. त्यांना कारण सांगितले की ते थांबतात, असा माझा अनुभव आहे.

आता टेप हातात घ्या. कडेने धरा, मधोमध दाबू नका. चांगल्या उजेडात चारही बाजू फिरवून पाहा. वरचा आणि खालचा अर्धा भाग जिथे जुळतो ती सांध्याची रेघ सगळीकडे सारखी, बंद असायला हवी. एका कोपऱ्यात नख शिरेल एवढी फट दिसली तर ती टेप पडलेली आहे असे समजा, कुणी कबूल करो वा न करो. कोपरे पाहा: टवका, तडा, पांढरट झालेले प्लॅस्टिक. खालच्या बाजूचे स्क्रू जागेवर आहेत का, तेही पाहा.

डबी उलटी केली की मधोमध गोल भोक आणि त्यात दातेरी चकती दिसेल. ड्राइव्ह याच दात्यांत आपले दाते अडकवून चक्र फिरवतो. चकती भोकाच्या मध्यभागी असावी, दाते तुटलेले नसावेत, त्यांत कचरा नसावा. मग डबी कानाजवळ धरून हलकेच हलवा. चक्राची थोडी हालचाल होते, तेवढा बारीक आवाज नेहमीचा आहे. आत सुटा स्क्रू पडल्यासारखा खडखडाट आला तर ती टेप वेगळी ठेवा. पहिल्यांदाच पाहत असाल तर एक कोरी, न वापरलेली टेप शेजारी ठेवून दोन्हींचे आवाज ऐका. कान दोन-चार वेळांतच तयार होतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सहसा कुणी करत नाही. डबीच्या एका कोपऱ्यात छोटे सरकते दार असते, स्प्रिंगवर बसलेले. बोटाने ते हळूच मागे सरकवा आणि धरून ठेवा. आत एक बारीक धातूची काडी उभी दिसेल. तिला लीडर पिन म्हणतात. फितीचे सुरुवातीचे टोक या पिनला बांधलेले असते आणि ड्राइव्ह हिलाच पकडून फीत बाहेर ओढतो. पिन सरळ उभी असावी आणि तिची वरची व खालची दोन्ही टोके आपापल्या चिमट्यांत घट्ट बसलेली असावीत. जरा कललेली, एका बाजूने सुटलेली किंवा आत घसरलेली दिसली तर टेप ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ड्राइव्हची पकड चुकली तर फीत आतच गुंतते, आणि मग टेप व ड्राइव्ह दोन्ही उघडावे लागतात.

पिन वाकडी दिसली की टाचणीने सरळ करावी असा मोह होतो. तो आवरा. पिन परत बसवण्याचे खास साधन मिळते, ते काम माहीतगाराकडून करून घ्या. तशी दुरुस्त केलेली टेप पुन्हा रोजच्या वापरात आणू नये. एकदा चालवायची, त्यातली माहिती दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायची आणि जुनी निकालात काढायची. दार बंद करतानाही ते फटकन सोडू नका, हाताने सावकाश आणा. आणि दार उघडे असताना आतल्या फितीला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा ठसा त्या पातळ फितीवर कायमचा बसतो आणि त्यावर धूळ चिकटते.

लेबलकडे वळू. लेबलसाठी डबीवर किंचित खोलगट जागा दिलेली असते. लेबल तिथेच आणि एकच. जुन्यावर नवे चिकटवले की जाडी वाढते आणि सुटलेली कड ड्राइव्हमध्ये अडकते. वरच्या किंवा खालच्या सपाट भागावर कागद, चिकटपट्टी, रबर बँड काहीही नको. मी एका टेपवर हळदी-कुंकवाचे बोट पाहिले आहे. लावणाऱ्याची भावना मला समजते, पण पूजा कपाटाची करावी. लेबलवर पेन्सिलने लिहू नका, शिशाची पूड आणि खोडरबराचा चुरा आत जातो. शाईच्या पेनने लिहा आणि तेही लेबल डबीवर लावण्याआधी.

त्याच बाजूला एक छोटा सरकता खटका असतो. तो लिहिणे बंद करण्यासाठी. खटका कुलपाच्या चिन्हाकडे सरकवला की टेप फक्त वाचता येते, तिच्यावर नवे लिहिता येत नाही. जपून ठेवायच्या प्रत्येक टेपचा खटका कपाटात जाण्याआधी बंद करा. मार्चअखेरची टेप पुढच्या आठवड्यात चुकून रोजच्या बॅकअपला वापरली आणि वर्षाचा हिशेब त्याखाली गेला, असे घडते. तो परत मिळवण्याचा मार्ग नसतो.

इतके सगळे ठीक असेल तर टेप ड्राइव्हमध्ये घाला. लेबलची बाजू आपल्याकडे, डबी सरळ. हलकेच ढकलली की ड्राइव्ह स्वतः ओढून घेतो. जोर लावावा लागला तर थांबा, काहीतरी चुकते आहे.

ड्राइव्हने सफाई मागितली, म्हणजे त्याचा सफाईचा दिवा लागला, तर सफाईची वेगळी टेप मिळते ती एकदा चालवा. तिच्या बारकोडची सुरुवात ‘सीएलएन’ने होते आणि ती साधारण ५० वेळा वापरता येते. किती वेळा वापरली याच्या खुणा शेजारच्या कागदावर करत जा. दिवा लागलेला नसताना दर सोमवारी नेमाने सफाई करणारी माणसेही आहेत. त्याने हेड झिजते, तेवढे करू नका. टेप बदलल्यावर लगेच पुन्हा सफाईचा दिवा लागला तर संशय त्या टेपवर घ्यावा. आणि ड्राइव्हने टेप नाकारली, तर तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालण्याआधी बाहेर काढून वरची सगळी तपासणी पुन्हा करा.

टेप पडली तर? टेबलाच्या उंचीवरून पडली आणि बाहेरून धडधाकट दिसली, तरी ती तारखेसह वेगळी नोंदवा. सांधा, खडखडाट, पिन तिन्ही तपासा. सगळे नीट असेल तर तिच्यातली माहिती लवकरात लवकर दुसऱ्या टेपवर घ्या आणि पडलेली वापरातून काढा. पडल्याने गुंडाळलेल्या फितीची कड आतल्या आत दुमडते आणि ते बाहेरून दिसत नाही. कुणाच्या हातून टेप पडली तर त्याला रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रागावलात की पुढची टेप पडल्याचे आपल्याला कुणी सांगणार नाही.

ठेवण्याबद्दल. टेप आपल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, पुस्तकासारखी उभी ठेवावी. आडव्या ढिगाने फितीच्या कडांवर भार येतो. दीर्घकाळ जपण्यासाठी तापमान १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितलेली आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात बंद कपाटातली आर्द्रता याच्या बरीच वर जाते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधे आर्द्रता दाखवणारे घड्याळ, एवढ्याने मोठा फरक पडतो. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. मीटरबोर्डखालचे, संडासाच्या भिंतीला लागलेले किंवा उन्हे येणाऱ्या खिडकीजवळचे कपाट निवडू नका.

चुंबकाची भीती लोकांना असते, पण भलत्याच वस्तूंची. मोबाईलने टेपला काही होत नाही. विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रानेही होत नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत कार्यालय वर्कशॉपला लागून असेल, तर खरी काळजी तिथे आहे. ग्राइंडरचा चुंबकी चक, लोखंडाचा चुरा गोळा करायचे चुंबक, मोठ्या मोटारी, वेल्डिंगची केबल, यांच्यापासून टेप हातभर नव्हे, एक भिंत दूर ठेवा. आणि टेप ‘कोरी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या चुंबकी यंत्राखाली एलटीओ कधी घालू नका. फितीवर कारखान्यातच काही मार्गदर्शक रेघा लिहिलेल्या असतात, त्यांच्या आधारे हेड आपली जागा शोधते. त्या पुसल्या की टेप पुन्हा कधीच चालत नाही.

एका शाखेतून दुसरीकडे टेप नेताना ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आतले तापमान टेपला सोसणारे नसते. खोक्यात घाला, चारही बाजूंना दोन इंच फोम द्या आणि मांडीवर घेऊन जा. कोणती टेप, कोणी नेली, कधी पोहोचली, हे वहीत लिहा. माहिती सांकेतिक केलेली असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, तर ती किल्ली टेपसोबत पाठवू नका. पण दोन जबाबदार माणसांकडे ती असू द्या. किल्ली हरवली की धडधाकट टेपसुद्धा कोरीच.

टेपबरोबर ड्राइव्हचीही आठवण ठेवावी लागते. सहकारी बँकांच्या नोंदी जपण्यासाठी १९८५ चे नियम आहेत, त्यात काही नोंदी ५ वर्षे आणि काही ८ वर्षे जपायच्या असतात. एवढ्या काळात ड्राइव्हच्या पिढ्या बदलतात. २००७ साली आलेली एलटीओ-४ टेप एलटीओ-६ च्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येते, एलटीओ-७ च्या नाही. एलटीओ-८ चा ड्राइव्ह तर स्वतःची आणि आधीची एकच पिढी वाचतो. नवा ड्राइव्ह घेऊन जुना भंगारात देण्याआधी कपाटातल्या प्रत्येक टेपच्या पट्टीवरचा ‘एल’ आकडा पाहा. आणि वर्षातून एकदा जुन्यांपैकी दोन-तीन टेपा काढून त्यांतली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. ‘बॅकअप पूर्ण झाला’ हा संदेश आपण रोज वाचतो, फाइल उघडते का ते मात्र बघायचे राहून जाते.

‘आता सगळं क्लाउडवर असतंय, टेपा कशाला सांभाळायच्या?’ असे मला विचारले जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने हजारो लोकांच्या जीमेल पेट्या रिकाम्या झाल्या. संगणकांवरच्या अनेक प्रतींवर ती चूक पोहोचली होती. टेपा यंत्राबाहेर होत्या म्हणून वाचल्या, आणि पत्रे त्यांवरून परत आणली गेली. खंडणीखोर व्हायरसलाही कपाटातल्या टेपपर्यंत पोहोचता येत नाही.

पाणी मात्र तिथपर्यंत पोहोचते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, दसरा चौकाच्या खालच्या बाजूला तळमजल्यांत पाणी होते आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. वीज नाही, नळाला पाणी नाही, रस्ता नाही. अशा वेळी भिजलेली टेप हातात आली तर काय करायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

भिजलेली टेप ड्राइव्हमध्ये घालू नका, ‘फक्त बघायला’सुद्धा नाही. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. उष्णतेने फितीचे थर एकमेकांना चिकटतात. फ्रीजरमध्ये ठेवू नका, डबी उघडू नका. पुराचा गाळ फितीवर वाळून बसला की तो काढताना खालचा थरही निघून येतो. म्हणून वरचा चिखल स्वच्छ थंड पाण्याने हलक्या हाताने धुवा, टेप ओलीच झिपच्या पिशवीत बंद करा, पिशवीवर क्रमांक लिहा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे दोन-तीन दिवसांत पोहोचेल असे बघा. त्यानंतर बुरशी धरते. महापुरात स्वच्छ पाणीच मिळत नाही, म्हणून जूनमध्येच बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणि झिपच्या पिशव्या वरच्या मजल्यावर आणून ठेवा.

राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. आपले कार्यालय पूररेषेत येत असेल तर टेपचे कपाट तळमजल्यावर ठेवूच नका. ते हलवणे शक्य नसेल तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लावा: पाणी ३९ फुटांवर आले की टेपा वर न्यायच्या. खाली दोघांची नावे आणि मोबाईल नंबर लिहा, कारण त्या दिवशी एकजण पाण्यापलीकडे अडकलेला असू शकतो.